सल्ला हवा: एक-दोन वर्षं ऑटोक्रॉस थांबवायचंय. गाडी ठेवू की विकू? (जळगाव)

एस्टीम_एमएच१९

मंडळी, रामराम. जळगावजवळ राहतो, कृषी केंद्राचं दुकान आहे. सहा वर्षं झाली, हौस म्हणून ऑटोक्रॉस करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोकळ्या मैदानात मातीचा ट्रॅक आखतात, वळणांवर कोन नाहीतर टायर ठेवतात आणि आपली झुंज घड्याळाशी. गाडी २००५ ची एस्टीम. आत रोलकेज (पलटी झाली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा), बकेट सीट, मागचं सीट काढून टाकलेलं. ती रस्त्यावर चालवत नाही. नाशिक-पुण्याकडे इव्हेंट असला की ओळखीच्या केळीवाल्याच्या आयशर ट्रकमध्ये चढवतो, दुकानाच्या धक्क्यावरून थेट. एकदा गटात तिसरा आलो होतो. तो कप कीटकनाशकांच्या फडताळावर आहे, गिऱ्हाईक विचारतं क्रिकेटचा का.

आता एक-दोन वर्षं थांबायचं म्हणतो. कपाशीचा भाव वर सरकत नाही, त्यामुळे उधारी सुटत नाही. एका इव्हेंटला भाडं, टायर, एंट्री, राहणं धरून तीस-पस्तीस हजार जातात. मुलगी दीड वर्षाची आहे.

तर, (१) गाडी ठेवायची तर नीट कशी ठेवू? मामांच्या खळ्यात पत्र्याचं गोडाऊन आहे, एका बाजूला जागा मिळेल. (२) की विकून मोकळं व्हावं? (३) हेल्मेट, बेल्ट, चार जास्तीचे टायर यांचं काय? (४) कोणी असा ब्रेक घेतलाय का, परत येता येतं का?

धुळ्याचा_नाना

विका. वीस वर्षांची गाडी आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी नवी करावी लागते, वीस वर्षांपुढच्या गाडीची फी आता दहा हजार आहे, उशीर केला तर महिन्यागणिक दंड वेगळा. जी गाडी मातीत पळते आणि आयशरमध्ये बसून फिरते तिच्यासाठी एवढा खर्च? माझी जुनी जिप्सी मी अशीच "पुढच्या वर्षी बघू" म्हणून सात वर्षं ठेवली. शेवटी भंगारवाल्यानं नेली तेव्हा तिच्या खाली मांजराची चौथी पिढी नांदत होती.

अहिराणी_आप्पा

मन्ही आयक भाऊ, गाडी इकू नको. पैसा हातमा ऱ्हात नही, आन् गाडी गयी का परत येत नही.

भुसावळ_गॅरेज

इथे माझं काम सुरू होतं, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, त्या गोडाऊनमध्ये सरकी ठेवतात का? ठेवत असतील तर तिथे गाडी लावू नका, विषय संपला. सरकीला उंदीर येतो, उंदराच्या मागे घूस येते, आणि एस्टीमचं वायरिंग म्हणजे त्यांना फरसाण. डांबर गोळ्यांनी पळतात असं लोक म्हणतात, मी पळालेले पाहिले नाहीत. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत तारेची घासणी कोंबा, ती त्यांना कुरतडता येत नाही. कोंबली की स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा. एका भाऊंनी चिठ्ठी बांधली नव्हती आणि दोन वर्षांनी सेल्फ मारत बसले होते, गाडी का उठत नाही म्हणून.

ऑइल आधी बदला, मग उभी करा. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल तयार झालेलं असतं, ते दोन वर्षं बेअरिंगवर बसून राहतं. नव्या ऑइलवर दहा मिनिटं इंजिन चालवा, गार होऊ द्या, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि हाताने इंजिन दोन फेरे फिरवा.

रेडिएटरमध्ये काय आहे ते खरं सांगा. आपल्याकडे निम्म्या गाड्यांत बोअरचं पाणी असतं. त्या क्षारांनी उभ्या गाडीचा रेडिएटर आतून दगड होतो. सगळं काढून, धुऊन, कुलंट भरा.

बॅटरी काढून घरी न्या, महिन्यातून एकदा चार्ज करा. मीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ वर आली की संपली. हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. चाकाला लाकडी ठोकळा लावा. त्याहून चांगलं म्हणजे गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) चढवा, चाकं जमिनीला टेकायलाच नकोत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. एका जागी टेकलेला टायर चपटा होतो आणि तसाच राहतो.

ब्रेक ऑइल आत्ता बदलू नका, परत काढाल तेव्हा बदला. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं, पाणी ओढल्यावर १५५ च्या आसपास. आज नवं भराल आणि दोन पावसाळ्यांनी त्याच भरवशावर ट्रॅकवर उतराल, तर तिसऱ्या वळणावर पेडल तळाला जाईल.

केळीबाग_रावेर

पेट्रोलची टाकी फुल करून ठेवा. रिकाम्या टाकीत आतून घाम धरतो आणि पत्रा गंजतो. आमच्या ट्रॅक्टरवाल्यांचा जुना नियम आहे.

भुसावळ_गॅरेज

भाऊ, ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, तेही पाणी ओढतं. जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, पंपाच्या तोंडाशी. २००५ च्या गाडीचे रबरी पाइप अशा पेट्रोलसाठी बनलेलेही नाहीत. दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर फुल टाकी चालेल. वर्ष-दोन वर्षं म्हणत असाल तर काढून टाका, उरलेल्यावर इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. टाकी थोडी गंजेल, मान्य. जुन्या एस्टीमची टाकी मिळते, वेळ मिळत नाही.

केळीबाग_रावेर

बरं. टायर मात्र माझ्याकडे ठेवा म्हणतो, केळी पिकवायच्या बंद खोलीत अंधार आणि गारवा दोन्ही आहे.

भुसावळ_गॅरेज

तिथे केळी पिकवायला इथिलिन सोडतात ना? टायरला त्याने काही होत नाही, पण केळी रबराच्या वासाची झाली तर व्यापारी तुम्हाला सोडणार नाही. 😀 काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरातल्या माळ्यावर ठेवा, वेल्डिंग किंवा मोटर चालते तिथे नको. बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २१ च्या आधीचे असतील तर जपण्यात अर्थ नाही, मुलीला झोका करा.

पोलो_पार्टी

चौथ्या प्रश्नाचं कोणी बोलेना, म्हणून. किमी रायकोनेन २००९ नंतर फॉर्म्युला वन सोडून गेला, दोन वर्षं रॅलीत गाडी चालवली, २०१२ ला परत आला आणि त्याच वर्षी अबुधाबीला जिंकला. ब्रेक घेतल्याने हात विसरत नाही. तोपर्यंत घरी सिम्युलेटर लावा. साधं स्टिअरिंग आणि पेडल घेतले तरी रेषा पकडायची सवय टिकते.

धुळ्याचा_नाना

रायकोनेनला खताची उधारी वसूल करायची नव्हती.

घाटरस्ता

मी टीएसडी रॅली करते, म्हणजे वेगाची नाही, वेळ पाळायची. आधी तीन वर्षं नवऱ्याच्या शेजारी नकाशा घेऊन बसले, आता तो माझ्या शेजारी बसतो. तेव्हा दोन्ही खुर्च्यांची माहिती आहे.

दादा, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. गाडीवर पंधरा ओळी आहेत, टायरचंही विचारलंत. मुलीवर एक ओळ, वहिनींवर शून्य. आणि पैशाचं म्हणाल तर सहा वर्षांत कपाशीला चांगला भाव एखाद-दोनच हंगामांत होता, तरी तुम्ही प्रत्येक हंगामात आयशर भरलीत. मग यंदाच काय झालं? सांगायचं नसेल तर सांगू नका. पण विकायची की ठेवायची, हे त्या उत्तरावर ठरतं. पैसा हे कारण असेल तर ठेवा, पैसा येतो. मन उडालं असेल तर नाना म्हणतात तेच बरोबर.

आणि बेल्टचं मी सांगते. पाच-सहा पट्ट्यांच्या हार्नेसवर एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचं लेबल असतं, त्यावर कुठल्या वर्षानंतर चालणार नाही ते लिहिलेलं असतं. बनल्यापासून पाच वर्षं. दोन वर्षं पेटीत पडले तरी ती मोजली जातात. त्यामुळे गाडी ठेवा, बेल्ट विका. तपासणीला चालतील तोवरच त्यांना गिऱ्हाईक आहे.

एस्टीम_एमएच१९

ताई, दोन दिवस विचार करून लिहितोय.

मागच्या इव्हेंटला माझ्या पुढच्या नंबरवर एक मित्र होता. दुसऱ्या फेरीत डाव्या वळणावर त्याचं चाक खड्ड्याच्या कडेला अडकलं आणि गाडी एक पलटी खाऊन टपावर थांबली. त्याला काही झालं नाही. बेल्टला उलटा लटकत होता आणि ट्रॅकवर देखरेख करणारे मार्शल पोहोचेपर्यंत हात हलवून ठीक आहे ठीक आहे सांगत होता. मी स्टार्ट लाइनवर हेल्मेट घालून बसलो होतो, काचेतून सगळं दिसत होतं. ट्रॅक साफ करायला वीस मिनिटं गेली. मग मला झेंडा दिला.

मी गेलो. प्रत्येक वळणाला पाय आपोआप उचलला गेला. माझ्याच पहिल्या फेरीपेक्षा सात सेकंद मागे. कोणी विचारलं तर क्लच घसरतोय म्हणालो. क्लच चांगला आहे, भुसावळच्या भाऊंनीच जानेवारीत टाकलाय. घरी कपाशीचं कारण सांगितलं.

बायकोला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ती परत कधीच जाऊ देणार नाही, असं वाटलं होतं.

भुसावळ_गॅरेज

क्लचचं नाव ऐकून मी मनातल्या मनात तीनदा गिअरबॉक्स उतरवला.

अहिराणी_आप्पा

भाऊ, भ्याव सगळासले वाटस. जो सांगस वाटत नही, तो खोटा.

घाटरस्ता

लिहिलंत ते बरं केलंत. पोलो_पार्टी यांनी रायकोनेन सांगितला, मी निकी लाउडा सांगते, तोही फॉर्म्युला वनचाच. १९७६ ला जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला गाडी पेटून भाजला, सहा आठवड्यांत परत शर्यतीत. ती गोष्ट सगळे सांगतात. त्याच वर्षी शेवटची शर्यत जपानला फुजीवर होती, धो धो पाऊस. विजेतेपद हातात असताना दोन फेऱ्यांनंतर त्याने गाडी आत आणली आणि उतरला. एका गुणाने विजेतेपद गेलं. पुढच्या वर्षी, १९७७ ला, पुन्हा तोच विजेता. १९७९ ला सगळंच सोडून विमान कंपनी काढली, १९८२ ला परत आला आणि १९८४ ला तिसऱ्यांदा जिंकला. त्या माणसाच्या पायानेही पेडल सोडलं होतं, आणि त्याने क्लचचं नाव सांगितलं नाही.

आता माझा सल्ला. विकू नका, कारण मन उडालेलं नाही. मन उडालेला माणूस सात सेकंद मोजून ठेवत नाही. पण ड्रायव्हरच्या सीटवरून उठा. पुढच्या दोन-तीन इव्हेंटना मार्शल म्हणून नाव द्या, आयोजकांना माणसं कायम कमी पडतात. झेंडा हातात घेऊन वळणावर उभं राहिलं की गाड्या किती वेळा घसरतात आणि किती वेळा काहीही होत नाही, ते दिसतं. आत बसून फक्त स्वतःचं वळण दिसतं. मग वाटलंच तर एखाद्या टीएसडीला नॅव्हिगेटर म्हणून बसा. खर्च निम्मा, वेग कायद्यातला, आणि वहिनींना बरोबर नेता येतं.

वहिनींना सांगा. पलटीचंही सांगा.

धुळ्याचा_नाना

माझा शब्द मागे घेतो. ठेवा. पण आरसीची तारीख बघा आणि विमा अगदी बंद करू नका. शर्यतीतलं नुकसान साध्या पॉलिसीत तसंही मिळत नाही, पण खळ्यातल्या आगीचं आणि चोरीचं कव्हर राहू द्या. कपाशीच्या दिवसात पत्र्याच्या गोडाऊनला काय होतं ते धुळ्यातल्या माणसाने सांगायची गरज नाही.

पोलो_पार्टी

बेल्ट कुठल्या वर्षाचे आहेत? मी घेतो.

एस्टीम_एमएच१९

उशिरा कळवतोय, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गडबडीत राहिलं. बायकोला सांगितलं. ती आधी बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, पलटीचं मला त्याच रात्री कळलं होतं, त्या मित्राच्या बायकोने फोन केला होता. मी कधी सांगतो याची ती चार महिने वाट बघत होती. त्यावर मला काही बोलता आलं नाही, म्हणून पुरणपोळीचं खापर चुलीवर चढवायला मदत केली आणि बोट भाजून घेतलं.

मामांच्या गोडाऊनमध्ये सरकी निघाली, तीन पोती. त्यामुळे गाडी आता दुकानामागच्या शेडमध्ये घोडीवर आहे. ऑइल, कुलंट, प्लग, सगळं भुसावळच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे. पेट्रोल काढलं, नऊ लिटर निघालं, ते मामांच्या मोटरसायकलमध्ये गेलं. स्टिअरिंगला चिठ्ठी बांधली आहे: "मागे घासणी आहे."

मार्शलसाठी नाव दिलंय, पावसाळ्यानंतरच्या इव्हेंटला. हेल्मेट ठेवतो, विकवत नाही.

टायर २० चे निघाले. एक झोक्याला लावला, तीन शिल्लक आहेत, कोणाला झोका करायचा असेल तर घेऊन जा. पोलो_पार्टी, बेल्ट २३ चे आहेत, निळे. व्यक्तिगत निरोप पाठवा.

पोलो_पार्टी

पाठवला. निळे चालतील.

केळीबाग_रावेर

एक टायर माझा. आयशर परवा तिकडूनच रिकामी येतेय.