डीप पर्पलच्या 'मेड इन जपान'ची कोणती आवृत्ती घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा ऑगस्ट 1972 च्या जपान दौऱ्यातला हा लाइव्ह अल्बम मी आजवर फक्त मोबाइलवर ऐकलाय. आता घरी रेकॉर्ड प्लेअर आलाय आणि सीडी प्लेअर आहेच, म्हणून विचारतोय.

मूळ दोन रेकॉर्ड्सच्या संचात सातच गाणी आहेत, ओसाकाच्या दोन आणि टोकियोच्या बुडोकानमधल्या एका कार्यक्रमातून निवडलेली. 'स्मोक ऑन द वॉटर' 15 तारखेचं, 'लेझी' 17 चं, बाकीची बहुतेक 16 ची. 'स्पेस ट्रकिन' एकटंच चौथी बाजू व्यापतं! स्टुडिओत नंतर काही भरलेलं नाही, आणि ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चने टिपलेला जॉन लॉर्डचा ऑर्गन तर अंगावर येतो.

1993 मध्ये तिन्ही रात्रींचा तीन सीडींचा 'लाइव्ह इन जपान' निघाला. मला गिटारवादक ब्लॅकमोरचे सोलो रात्रीगणिक कसे बदलतात ते ऐकायचंय, पण मूळ मिक्सचा दणकाही सोडवत नाही.

ज्यांनी दोन्ही नीट ऐकलंय त्यांनी सांगा: आवाजात फरक कितपत जाणवतो? आधी काय घेऊ? आणि मुंबई-पुण्यात जुनी रेकॉर्ड घेताना ओरखड्यांखेरीज काय तपासायचं?