पहारेकरी वाढले तर एचआयव्हीचा धोका वाढतो कसा?

एमएस्सी_दुसरं_वर्ष:
सेमिनारची तयारी करतेय आणि एका वाक्यावर अडकलेय. योनिमार्गात दाह असेल तर एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो म्हणे. पण दाह म्हणजे तिथे रोगप्रतिकारक पेशी जास्त जमल्या. मग धोका कमी नको व्हायला?

काचपट्टी:
इतर बऱ्याच जंतूंच्या बाबतीत तुझं गणित चाललं असतं. एचआयव्हीचं भक्ष्यच सीडी४ टी पेशी, म्हणजे बचावाची सूत्रं हलवणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यातही चेतवलेल्या, अंगावर सीसीआर५, म्हणजे विषाणूला आत शिरायला लागणारं प्रथिन, बाळगणाऱ्या. दाह झाला की नेमक्या त्याच धावून येतात. संभोगातून झालेला संसर्ग बहुतेकदा एकाच विषाणूपासून वाढलेला असतो. त्या एकट्याला आसपास पेशी मिळाली नाही तर खेळ तिथेच खलास. दाह त्याच्यापुढे ताट वाढून ठेवतो.

मी ऊतींचे काप रंगवते, म्हणून हे डोळ्यांसमोर येतं: जननेंद्रियावरचा हर्पीसचा फोड भरून आलाय, वरचं आवरण छान सलग, आणि खाली सीडी४ पेशींचा घोळका तसाच बसलेला. २००९ च्या एका अभ्यासात अ‍ॅसायक्लोव्हिर हे हर्पीसचं औषध चालू असतानाही हे घोळके टिकून होते. आदल्याच वर्षी दोन मोठ्या चाचण्यांत ती गोळी एचआयव्हीची लागण रोखू शकली नव्हती. का, त्याचं एक पटण्याजोगं कारण इथे दिसतं.

एमएस्सी_दुसरं_वर्ष:
आणि लँगरहान्स पेशी, त्या आवरणातल्या पहारेकरी? विषाणूला टी पेशींपर्यंत पोचवतात म्हणून आमचे सर त्यांना घरभेदी म्हणतात.

काचपट्टी:
सरांनी जरा अन्याय केला. त्यांच्यावरचं लँगरिन हे प्रथिन विषाणूला पकडून आत नेतं आणि तिथे त्याची विल्हेवाट लागते; हे २००७ साली दाखवलं गेलं. विषाणू फार झाले किंवा पेशी आधीच चेतवलेली असली, की काही निसटून टी पेशींपर्यंत पोचतात. घरभेदी हे विशेषण खालच्या थरातल्या डेंड्रायटिक पेशींना जास्त शोभेल; त्या पकडलेला विषाणू टी पेशींच्या हाती देतात. आणि गुदाशयाचं आवरण विसरू नकोस. तिथे पेशींचा एकच थर, त्याखाली सीसीआर५वाल्या टी पेशींची गर्दी.

जुना_वाचक:
नॉनऑक्सिनॉल-९ हे शुक्राणूनाशक पण घे सेमिनारमध्ये. परीक्षानळीत विषाणू मारायचं. चाचणीत मात्र ते वारंवार वापरणाऱ्या बायकांना एचआयव्ही जास्त झाला. आवरण सोलवटलं, दाह झाला, पुढचं काचपट्टीताईंनी सांगितलंच आहे.

एमएस्सी_दुसरं_वर्ष:
पहिल्या स्लाइडवर ढाल-तलवारवाला सैनिक टाकला होता. काढला.