‘शाश्वत खुर्ची’ म्हणावे की ‘टिकाऊ खुर्ची’?

प्रश्न

एका लहान कार्यशाळेच्या माहितीपत्रकाचे मराठीकरण करीत आहे. ही मंडळी पाडलेल्या वाड्यांतील सागापासून आणि कोकणातल्या बांबूपासून खुर्च्या, बाके व मांडण्या तयार करतात. मूळ मजकुरात ‘सस्टेनेबल फर्निचर’ हा प्रयोग अकरा वेळा आला आहे. पहिल्या खर्ड्यात मी सरसकट ‘शाश्वत फर्निचर’ असे लिहिले. परंतु मोठ्याने वाचून पाहताना ‘शाश्वत खुर्ची’पाशी हसू आवरेना, कारण खुर्ची शाश्वत नसते हे मराठी वाचक रोज सकाळी वर्तमानपत्रात वाचत असतो. ‘पर्यावरणस्नेही’, ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’ आणि ‘टिकाऊ’ हे पर्याय समोर आहेत. यांतला कोणता घ्यावा, आणि ‘रिक्लेम्ड वूड’ला काय म्हणावे, याविषयी जाणकारांनी कृपया मत द्यावे.

पहिले उत्तर

‘शाश्वत’ हा शब्द चुकीचा नाही. तो कशाला लावायचा, एवढेच ठरवावे लागेल. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलंड आयोगाच्या १९८७ च्या अहवालाने पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास, अशी व्याख्या रूढ केली आणि मराठीत त्याला ‘शाश्वत विकास’ हे नाव मिळाले. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सतरा उद्दिष्टे स्वीकारल्यानंतर तर ते सरकारी कागदोपत्री पक्के झाले. विकास, शेती, पाणीपुरवठा या चालू राहणाऱ्या क्रिया आहेत, म्हणून त्यांना ‘शाश्वत’ शोभते. खुर्ची ही वस्तू आहे. चालू राहायला हवे ते जंगल आणि त्यातून लाकूड काढण्याची रीत. तेव्हा ‘शाश्वत वनव्यवस्थापनातून आलेले लाकूड’ हे बरोबर, ‘शाश्वत खुर्ची’ हे मात्र विशेषण घसरून भलत्या नामावर जाऊन बसल्याचे उदाहरण.

या कल्पनेचा जन्मच लाकडाच्या टंचाईतून झाला, हे येथे सांगणे अवांतर होणार नाही. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातील खाणींचे प्रशासक हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये वनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. चांदीच्या खाणींना आधाराची लाकडे लागत, भट्ट्यांना कोळसा लागे आणि भोवतालची जंगले संपत आली होती. म्हणून जेवढे पुन्हा वाढेल तेवढेच तोडावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी योजलेल्या जर्मन विशेषणाचा भाव ‘दीर्घकाळ टिकून राहणारा’ असा आहे. मला विचाराल तर त्या वापराला आपल्याकडे घरगुती क्रियापद तयारच आहे : पुरवणे. आजी डब्यातला गूळ पुरवून पुरवून वापरते, तसे जंगल पुरवून वापरायचे. परिभाषा घडवणाऱ्यांचे लक्ष या क्रियापदाकडे कधी गेले नाही, याची खंत वाटते.

जर्मन वनशास्त्राची ही रीत आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत आली. १८६४ मध्ये भारताचे पहिले वन महानिरीक्षक झालेले डीट्रिच ब्रँडिस हे जर्मनच होते. वनखात्यात आजही ‘कूप’ हा शब्द कानावर येतो. जंगलाचे भाग पाडून दर वर्षी एकेका भागात तोड करायची, त्या भागाला कूप म्हणतात. आडाशी, म्हणजे संस्कृत कूपाशी, त्याचा काही संबंध नाही. तो ‘कापणे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे.

आता ‘टिकाऊ’. जळाऊ, विकाऊ, टाकाऊ, टिकाऊ हे सारे एकाच प्रत्ययाचे कुटुंब असून धातूला हा प्रत्यय लागला की ती गोष्ट कशासाठी योग्य आहे किंवा तिचे काय होणार आहे, हे समजते. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा प्रयोग शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासापासून सर्वांच्या तोंडी आहे. आपल्या कार्यशाळेचे अर्धे काम या दोन शब्दांत मावते. मात्र ‘टिकाऊ’ वस्तूचा गुण सांगतो, ती कोठून आली ते सांगत नाही. हिंदीत ‘टिकाऊ विकास’ चालतो. मराठीत तो कानाला खटकतो, आणि खटकू द्यावा.

‘पर्यावरणपूरक’ हा शब्द शाडूच्या गणपतींमुळे घरोघरी पोचला आहे. तो निश्चिंतपणे वापरावा. ‘पर्यावरणस्नेही’ थोडा पुस्तकी वाटतो, पण संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे तेलही, त्यामुळे पॉलिशऐवजी जवसाचे तेल पाजलेल्या लाकडाला कोणी ‘स्नेही’ म्हटले तर माझी हरकत नाही. ‘हरित’ टाळावा, त्यातून फक्त रंग कळतो.

‘रिक्लेम्ड वूड’ला मी ‘पुनःप्राप्त काष्ठ’ असे काही म्हणणार नाही. सुतार त्याला ‘जुना साग’ म्हणतात आणि गिऱ्हाईकही तेच मागते. गेल्या वर्षी आमच्याकडच्या कडीपाटातून, म्हणजे जुन्या लाकडी छतातून, निघालेल्या एका कडीची खुर्ची करवून घेतली. वरचा काजळी बसलेला थर रंध्याने निघताच आतून मधासारखा रंग आणि सागाचा तो तेलकट, किंचित चामड्यासारखा वास बाहेर आला. मागच्या पायात जुन्या खिळ्याचे चौकोनी भोक होते आणि लोखंड गंजल्यामुळे त्याच्याभोवती काळे वलय उमटले होते. मी ते लांबीने (पुट्टीने) बुजवायला सांगितले, तर सुतारकाकांनी नकार दिला. “हा माल मुरलेला आहे,” ते म्हणाले, “आता वाकायचा नाही आणि तडकायचाही नाही. भोक राहू द्या, तोच त्याचा दाखला.” नव्या लाकडातले पाणी भट्टीत किंवा सावलीत उडवावे लागते, नाहीतर पावसाळ्यात ते फुगते आणि उन्हाळ्यात सांधे सोडते, जुन्या कडीला ते काम करायला काही पिढ्या मिळालेल्या असतात. लोणचे, माणूस आणि लाकूड या तिघांना लागणारा ‘मुरलेले’ हा शब्द माहितीपत्रकात यायलाच हवा.

दुसरे उत्तर

वरील विवेचन पटले, परंतु ‘टिकाऊ’विषयी एक शंका आहे. लग्नाच्या मांडवातली प्लॅस्टिकची खुर्चीही टिकाऊ म्हणूनच विकली जाते, आणि तिचा दोषच हा की ती मोडल्यावरही टिकते. पाय तुटला की ती गच्चीवर जाते आणि तेथेच राहते. लाकडी खुर्चीचा सांधा सैल झाला तर पाचर ठोकता येते, वेताची बैठक फाटली तर पुन्हा विणून मिळते. म्हणून ‘टिकाऊ’च्या जोडीला ‘दुरुस्त होणारे’ असे साध्या शब्दांत लिहावे. त्यासाठी ‘दुरुस्तीक्षम’ असा जड शब्द घडवण्याची गरज नाही.

तिसरे उत्तर

मी सिंधुदुर्गातून लिहीत आहे आणि माझे म्हणणे बांबूपुरतेच आहे. कृपया ‘बांबूचे लाकूड’ असे कोठेही लिहू नका. बांबू हे गवत आहे, ऊस आणि भात यांच्याच कुळातले. झाड की गवत हा वाद केवळ वनस्पतिशास्त्राचा नव्हता. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातील ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता, त्यामुळे तो तोडायला आणि वाहून न्यायला परवाने लागत. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र त्याला गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या इतर मालात घातले. एकाच काठीला दोन कायद्यांत दोन अर्थ, आणि त्या कात्रीत गडचिरोलीचे मेंढा-लेखा हे गाव सापडले होते. सामूहिक वनहक्क हाती असूनही त्या गावाला स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकार २०११ मध्ये मिळाला. पुढे २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन त्या व्याख्येतून बांबू वगळला गेला आणि शेताच्या बांधावर बांबू लावणाऱ्याचा मार्ग मोकळा झाला. एका शब्दाच्या व्याख्येवर किती पोटे अवलंबून असतात, हे शब्दचर्चेत नोंदवून ठेवावे असे वाटते.

नुसते ‘बांबू’ म्हणूनही भागत नाही. खुर्चीच्या पायांसाठी आमच्याकडे माणगा घेतात, कारण तो जवळजवळ भरीव आणि सरळ असतो व त्याला काटे नसतात. कळक पोकळ आणि काटेरी. त्याचा उपयोग वेगळा. कोवळी काठी तोडली तर ती सुकताना चिंबते, म्हणून तीन-चार वर्षांची जून काठीच घ्यायची. तिच्यातल्या पिष्टावर भुंगा येतो आणि एके दिवशी खुर्चीखाली पिठासारखी पांढरी भुकटी दिसू लागते. त्यासाठी जुनी माणसे काठ्या कित्येक दिवस वहाळात (ओढ्यात) बुडवून ठेवत. आता टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात ठेवतात. माहितीपत्रकात ‘बोरॅक्स ट्रीटमेंट’ असेल तर तेथे बेलाशक ‘टाकणखार’ लिहा. तोंड आल्यावर आजी जो मधात कालवून लावत असे, तोच हा, त्यामुळे वाचकाला भीती वाटणार नाही.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. आता अकरा ठिकाणी एकच शब्द ठेवण्याचा अट्टहास सोडला आहे. ‘शाश्वत’ दोनदाच उरला, तोही जंगलाच्या संदर्भात. मुखपृष्ठावर ‘पर्यावरणपूरक फर्निचर’ असे येईल. आतल्या पानावरचे वाक्य सध्या असे आहे : “जुन्या वाड्यांतील मुरलेला साग आणि टाकणखाराच्या द्रावणात भिजवून वाळवलेला माणगा यांपासून केलेले, सांधा सैल झाल्यास पाचर ठोकून पुन्हा घट्ट करता येईल असे टिकाऊ सामान.” कार्यशाळेच्या मालकांना ते लांब वाटते, आणि ‘पाचर’ या शब्दाने गिऱ्हाईक बिचकेल अशी त्यांना धास्ती आहे. मी त्यांना सांगितले आहे की, पाचर मारणारा माणूस नकोसा असला तरी खुर्चीत ती हवीच. ‘पुरवून वापरणे’ अजून कोठे बसवता आलेले नाही. बहुधा लाकडाच्या तुकड्यांपासून केलेल्या पाटांच्या पानावर ते बसेल.