मदत हवी आहे: बोकडाचं वीर्य अंड्याच्या डायल्यूटरमध्ये (वीर्य पातळ करून टिकवायच्या द्रावणात) का टिकत नाही?

जिरावन_पोहे (इंदूर)
मी पशुवैद्य. आजवर हात बसलाय तो गाई-म्हशींवर. सिमरोलकडे मामांचा शेळीपालनाचा फार्म आहे. तिथल्या सिरोही बोकडाचं वीर्य दोन दिवस फ्रिजमध्ये टिकवून आसपासच्या शेळ्या भरवाव्यात, एवढाच बेत. गोठवायचं नाहीये.

डायल्यूटर बैलाला वापरतो तोच: ट्रिस (आम्लता स्थिर ठेवणारं बफर द्रावण) आणि २० टक्के अंड्याचा बलक. काढल्या काढल्या स्लाइडवर नुसती उसळी! फ्रिजमधून दुसऱ्या दिवशी काढलं तर सगळं निपचित, आणि नळीत बलक दाट होऊन खरवसासारखा थरथरतोय. तीनदा हेच. मामा म्हणतात अंडी शिळी. मला वाटतं बोकडाच्या वीर्यातलंच एखादं एन्झाइम नडतंय. वीर्य सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचा द्रव काढून धुवावं का? किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे)? की बलकाऐवजी दूध घालू?

म्हशीवाला_डॉक्टर (बडोदे)
अंडी निर्दोष आहेत. बोकडाच्या कूपर ग्रंथीतून (वीर्यात स्राव सोडणारी ग्रंथी) फॉस्फोलायपेज ए हे एन्झाइम येतं. ते बलकातल्या लेसिथिन या मेदाचे तुकडे करतं, एक मेदाम्ल आणि एक लायसोलेसिथिन. हे लायसोलेसिथिन शुक्राणूंचं आवरणच उसवतं. बैलात ही भानगड नाही, म्हणून तुमची कृती तिकडे चालते. आपल्याकडच्या रॉय यांनी १९५७ सालीच हे नोंदवलंय, तरी प्रत्येक जण एकदा खरवस करून बघतोच (मीही केला होता).

दुधाने सुटका नाही. त्याच ग्रंथीतलं लायपेज हे दुसरं एन्झाइम दुधातल्या मेदावर तुटून पडतं आणि सुटलेलं ओलेइक आम्ल शुक्राणूंना मारतं.

धुवायचं तर लगेच, बलक लागण्याआधी, साध्या बफरने दोनदा. नुसता आरपीएम सांगून उपयोग नाही, रोटर (सेंट्रिफ्यूजचा फिरणारा भाग) केवढा त्यावर सगळं. १० सेंमी त्रिज्येला मिनिटाला २५०० फेरे म्हणजे साधारण ७०० जी (गुरुत्वाच्या ७०० पट जोर), तेवढं पुरे. धुण्यात शुक्राणू वाया जातात, म्हणून मी आधी बलकच २ टक्क्यांच्या आसपास आणून बघेन. एकाच वेळचं वीर्य तीन नळ्यांत वाटा: न धुता २० टक्के, न धुता २ टक्के, धुऊन २० टक्के. दर दोन तासांनी ३७ अंशाला तापवलेल्या स्लाइडवर बघा. थंड काचेवर चांगलंही मेल्यासारखं दिसतं.

जिरावन_पोहे
अरे देवा, स्लाइड मी थंडच घेत होते! पण खरवस काही काचेने होत नाही. जुन्या सेंट्रिफ्यूजची त्रिज्या आत्ता पट्टीने मोजली, ९ सेंमी. उद्या तिन्ही नळ्या लावते. मामांनी मात्र अंडीवाला बदललाय.