मे लागला की ह्युवेक पेशी सुटून तरंगतात, काय चुकतंय?

खान्देशकन्या:
नमस्कार, मी जळगावला पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. नाळेच्या शिरेतल्या एंडोथेलियल (रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या) पेशी म्हणजे ह्युवेक वापरते, गोठवलेल्या पेशींची विकतची व्हायल (कुपी), आता पॅसेज ४, म्हणजे चौथ्यांदा नव्या फ्लास्कमध्ये पेरलेल्या. फेब्रुवारीत इतक्या छान वाढायच्या, फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना खेटून, आणि या महिन्यात दोनदा असं झालं की शनिवारी मस्त असतात आणि सोमवारी फ्लास्क मायक्रोस्कोपखाली धरला तर अर्ध्या गोल होऊन तरंगतायत. मीडिया म्हणजे पोषक द्रव तोच, सिरमचा लॉट तोच, पेशी चिकटायला जिलेटिन लावतेच, मायकोप्लाझ्मा या जिवाणूची टेस्ट निगेटिव्ह. मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलवर पेशींच्या नळ्या बनतात का ते बघायचं होतं तेही राहिलं. गाईड म्हणतात अजून हात बसला नाही तुझा. रडूच आलं खरं तर, व्हायल किती महाग पडते माहितीय ना.

धुळेकर_भाऊ:
ताई, पेशी फ्लास्कपासून सोडवायला ट्रिप्सिन हे एन्झाइम किती वेळ ठेवू राहिली? या पेशी लई नाजूक ना भो, एक-दोन मिनिटांत गोल झाल्या की लगेच सिरमवाला मीडिया टाकायचा, हेला या दणकट कॅन्सर पेशींसारखं पाच मिनिटं ठेवलं की संपलंच. आणि फार पातळ पेरू नको, १:३ च्या (एका फ्लास्कचे तीन) पुढे जाऊच नको. तेवढ्यात नाही जमलं तर ईए.एचवाय९२६ घे, ती कायम वाढत राहणारी पेशींची लाईन साध्या डीएमईएम मीडियामध्ये पण वाढते.

तापीकाठची:
भाऊ, ईए.एचवाय९२६ ही ह्युवेक आणि फुप्फुसाच्या कॅन्सरची ए५४९ पेशी जोडून बनवलेली आहे, सरावाला ठीक, पण तिच्यावरचा निकाल ह्युवेकचा म्हणून लिहिता येत नाही. ईसीव्ही३०४ या लाईनचं तर माहितीच असेल, वर्षानुवर्षं लोक एंडोथेलियल समजून वापरत राहिले आणि निघाली मूत्राशयाच्या कॅन्सरची टी२४.

ताई, मी भुसावळची, आता पुण्यात असते. ट्रिप्सिन चुकलं असतं तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं, तुझं रविवारीच बिघडतंय. एक सांग, वीज गेली की इन्क्युबेटर बॅकअपवर असतो पण एसी नसतो, बरोबर? साधा सीओटू इन्क्युबेटर फक्त गरम करतो, थंड करायची सोय त्यात नसते, त्यामुळे ३७ टिकवायला खोली त्याच्याहून चार-पाच अंश तरी थंड लागते. आपल्याकडे बाहेर ४५, खोली बंद, त्यात उणे ८० चा फ्रीजर बाजूला गरम हवा फेकतोय, मग आतलं तापमान ३७ च्या वर जाणारच. सोमवारी तू येईपर्यंत एसी चालू झालेला असतो आणि डिस्प्लेवर ३७ दिसतं, म्हणून कोणाला कळत नाही. कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर आत ठेव. पाण्याचा ट्रे पण बघ, कोरड्या हवेत लवकर आटतो आणि मीडिया घट्ट होतो.

खान्देशकन्या:
ताई, तुमचं बरोबर निघालं. शुक्रवारी थर्मामीटर ठेवला, आज बघितलं तर कमाल ४०.६. रविवारी दुपारी चार तास लाईट नव्हती. ट्रेमध्ये पाणी बोटभर पण नव्हतं. गाईडना आकडा दाखवला, ते बराच वेळ गप्प बसले, मग स्वतःच एसीला जनरेटरवर घ्यायचा अर्ज लिहायला लागले. खूप खूप आभार. व्हायल आता एकच उरलीय पण.

तापीकाठची:
ती पावसाळा लागेपर्यंत द्रव नायट्रोजनमध्ये गोठलेलीच राहू दे. आणि दरवेळी विकतच आणायला पाहिजे असं नाही, १९७३ मध्ये जाफेंच्या गटाने कोलॅजिनेज या एन्झाइमने या पेशी नाळेतून काढून दाखवल्या, आजही तसंच करतात. जवळच्या प्रसूतिगृहाशी बोल, पण आधी एथिक्स कमिटीची मंजुरी आणि प्रत्येक आईची लेखी संमती, ती घाई करून घेऊ नको, बाळंतिणीला मराठीत, जमलं तर अहिराणीत नीट समजावून सांग. काढल्यावर सीडी३१ (एंडोथेलियल पेशींची ओळख पटवणारं प्रथिन) चं स्टेनिंग नक्की कर, फायब्रोब्लास्ट म्हणजे जोडऊतकाच्या पेशी घुसलेल्या असतात.

धुळेकर_भाऊ:
ताई, आमच्या इन्क्युबेटरमध्ये पण आजच थर्मामीटर ठेवला भो.