पोटरी की पिंडरी?

धंतोलीकर
एका फिजिओथेरपी सेंटरसाठी व्यायामाचं पत्रक मराठीत करून देतोय. भिंतीला हात टेकायचे, एक पाय मागे, मागची टाच उचलायची नाही, गुडघा सरळ ठेवून पुढं झुकायचं. तिथं मी लिहिलं 'पोटरीत ताण जाणवेल'. छापायच्या आधी तिथंच बसलेल्या एका काकांना वाचायला दिलं, काटोलकडचे शेतकरी, तर ते थांबले नि म्हणाले, "पोटरी तं ज्वारीची असते ना भाऊ, पायाची तं पिंडरी." आता पिंडरी करावं तर पुण्याची बहीण म्हणते ते हिंदी पिंडलीवरून उचललेलं आहे. काय ठेवू? सोमवारी छापायला जातंय.

महालवाली
पिंडरीच ठेवा. आमच्या आजीच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. रामटेकचा गड चढून आलं की रात्री पाय पसरून तेल चोळत बसायची, "पिंडऱ्या भरून आल्या वं माय." संस्कृतात पिंडिका आहेच, मग मराठीनं हिंदीकडूनच घेतलं असं कशावरून? दोघींची आई एकच.

पेठेतला
बोलताना काहीही म्हणा, छापताना पोटरीच. नाहीतर उद्या गुडघ्याला टोंगळा लिहाल.

महालवाली
लिहीन की! जिला टोंगळा दुखतो तिनं पत्रक वाचायचं आहे, तुम्ही नाही. आमचा शब्द छापला की अशुद्ध आणि तुमचा प्रमाण, हे कोणी ठरवलं?

कास्तकार
काकांचं चुकलं नाही पण शब्द एकच आहे. कणीस बाहेर पडायच्या आधी वरच्या पानाच्या खोळीत फुगतं, तेव्हा आपण म्हणतो ज्वारी पोटरीवर आली, पाण्याची पाळी तेव्हा चुकली की दाणा भरत नाही. ताट मुठीत धरून पाहा, खाली वर बारीक आणि मधे गच्च फुगीर. पायाची पण तशीच. दोन्हीकडं मुळात पोटच.

हाडवैद्य
वा, हे आवडलं. त्या स्नायूचं नाव गॅस्ट्रोक्नेमियस, ग्रीक गॅस्टर म्हणजे पोट आणि क्नेमे म्हणजे गुडघ्याखालचा पाय. पायाचं पोट! ग्रीकांना जे दिसलं तेच आपल्या लोकांना दिसलं. माझं मत पोटरीला.

पेठेतला
एवढा वाद असेल तर सरळ 'जंघेचा मागचा भाग' लिहा.

महालवाली
जंघा म्हणजे मांडी हो! पेशंट भलतंच काहीतरी ताणेल.

पेठेतला
नाही. रामरक्षा आठवा. डोक्यापासून खाली येत येत आधी ऊरू म्हणजे मांड्या, मग 'जानुनी सेतुकृत्पातु जङ्घे दशमुखान्तकः', मग पादौ. गुडघ्यानंतर आणि पावलाच्या आधी मांडी कुठून येईल? चरकातही गृध्रसीची, म्हणजे सायटिकाची, कळ उतरते ती ऊरु, जानु, जंघा, पाद याच क्रमानं.

महालवाली
अगं बाई. लहानपणी दिवेलागणीला म्हणताना आम्ही त्या त्या जागी हात लावायचो. जानुनीला गुडघा आणि जङ्घेला हात परत वर मांडीवर. इतकी वर्षं! पण मग जांघेत गाठ आली म्हणतो ती तर वरच असते ना?

हाडवैद्य
शब्द वर सरकला. हिंदीत जांघ म्हणजे मांडी झाली, आपल्याकडं मांडी नि पोटाचा सांधा. म्हणूनच पत्रकात जंघा नकोच, शास्त्राप्रमाणं बरोबर असली तरी वाचणारा वरच बघेल.

पेठेतला
लोक चुकीचं समजतात म्हणून बरोबर शब्द टाकून द्यायचा, हे मला पटत नाही.

कास्तकार
कोणासाठी लिहितोय ते आधी बघा ना भाऊ. काकांसाठीच ना?

धंतोलीकर
मंडळी, जंघा मी लिहीत नाहीये. पोटरी की पिंडरी तेवढं सांगा. आणि दुसऱ्या पानावर पुढच्या हाडाला मी 'नडगी' लिहिलंय, ते तरी चालेल ना?

महालवाली
नडगी कोण म्हणतं हो इकडं? नळी लिहा.

पेठेतला
नळी मटणातली.