टार्गेट रायफलची गोळी: नाव बघून घ्यायची की लॉट तपासून?

(नेमबाजांमधली चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पन्नास मीटर

परवा रेंजवर बारावीतल्या एका मुलाने विचारलं, "दादा, टेनेक्स घेऊ, आर-५० घेऊ की मिडास प्लस?" ही तिन्ही वरच्या दर्जाच्या .२२ गोळ्यांची नावं. वडील शेजारीच उभे होते. कर्ज काढायचीही तयारी होती त्यांची. मी म्हटलं, नावावर जाऊ नकोस, तुझ्या बॅरलला कुठला लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या गोळ्या, मानवतो ते आधी बघ. यावरून तिथेच वाद झाला. माझं म्हणणं इथे नीट मांडतो.

.३०८ ची मोठी रायफल मारणारा स्वतः काडतूस भरू शकतो. दारू तोलून घालता येते, बुलेट किती खोल बसवायची ते ठरवता येतं. .२२ मध्ये, म्हणजे ५० मीटरच्या आपल्या रायफलच्या गोळीत, यातलं काहीच आपल्या हातात नाही. पेट घेणारं मिश्रण काडतुसाच्या बुडाशी, कडेच्या आत पसरलेलं असतं. ते कडेभर सारखं पसरलंय की नाही हे कारखान्यातच ठरून गेलेलं असतं. निवड करणं एवढंच आपलं काम.

आता हिशेब बघा. ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ३२८ मीटर वेगाने सुटते. ध्वनीच्या वेगाजवळची डळमळ नको म्हणून मॅचची गोळी मुद्दाम त्याखाली ठेवतात. ५० मीटर कापायला तिला ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती बारा सेंटिमीटर खाली येते. एका गोळीचा वेग सेकंदाला १० मीटरने कमी भरला, तर ती आणखी सात मिलिमीटर खाली लागते. टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि एका रिंगपासून दुसरी ८ मिलिमीटरवर. म्हणजे तुमची पोझिशन, श्वास, ट्रिगर सगळं बिनचूक असूनही जवळजवळ एक गुण गेला.

एकाच कंपनीच्या, एकाच दर्जाच्या दोन लॉटनी माझ्या बॅरलमधून एकाच सकाळी दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा, दिले ते १२ आणि १९ मिलिमीटरचे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या बॅरलमध्ये हेच उलटंही होऊ शकेल. हे कारखान्यांनाही ठाऊक आहे. टेनेक्सच्या डबीवर लॉट नंबरसोबत त्या लॉटचा वेग छापतात. टेनेक्स बनवणाऱ्या एलीची बर्मिंगहॅमला आणि मिडास प्लस बनवणाऱ्या लापुआची जर्मनीत शोनेबेकला टेस्ट रेंज आहे. शूटर आपली रायफल तिथे नेतात, ती शिकंज्यात आवळतात आणि एकामागून एक लॉट फायर करून बघतात.

माझं मत ठाम आहे: वरच्या दर्जाच्या न तपासलेल्या डबीपेक्षा मधल्या दर्जाचा तपासलेला लॉट चांगला.

कोल्हापुरी

गणित बरोबर आहे, पण तुम्ही ते चुकीच्या पोरासमोर मांडलंय. मी अठरा वर्षं पोरं शिकवतोय. ६०० पैकी ५६५ मारणाऱ्याचे गुण गोळीत जात नाहीत. ते स्लिंगमध्ये (रायफल हाताला बांधायचा पट्टा), कोपराखाली आणि खांद्यावर टेकलेल्या बटात जातात. तुमच्या १२ आणि १९ मिलिमीटरमधला फरक त्याच्या स्वतःच्या हालचालीत बुडून जातो, त्याला दिसतसुद्धा नाही.

त्यात वारा धरा. सेकंदाला एक मीटर आडवा वारा वाचायचा राहिला तर ५० मीटरवर गोळी पाच-सहा मिलिमीटर सरकते. म्हणजे तुमच्या वेगाच्या फरकाएवढंच नुकसान, आणि ते दर दुसऱ्या शॉटला. वारा वाचायला शिकायचं तर गोळ्याच लागतात, भरपूर लागतात. त्या वडिलांचे पैसे साध्या स्टँडर्ड गोळीत घालावेत आणि पोरानं वर्षभर रोज प्रोनला, म्हणजे पालथं, पडावं. लॉटबिट मग बघू.

पन्नास मीटर

सर, ५६५ वाल्यापुरतं तुमचं मान्य. पण तो मुलगा ५८२ मारतो, हे मी आधी लिहायला हवं होतं. त्या पातळीवर एक गुण काय असतो ते २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला दिसलं. थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या) पात्रता फेरीत आपल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५९० करून सातवा आला, फायनलला गेला आणि ४५१.४ वर कांस्यपदक घेऊन आला. ऐश्वर्य प्रताप सिंग तोमरने ५८९ केले, तो अकरावा. साठ शॉटमध्ये एका गुणाचा फरक, आणि एक फायनलमध्ये तर दुसरा बाहेर.

कोल्हापुरी

स्वप्नीलचं नाव निघालं की आमच्या जिल्ह्यात सगळ्यांचा ऊर भरून येतो, माझाही. पण तोमरचा तो एक गुण गोळीमुळे गेला असं तुम्हाला तरी म्हणता येईल का? शातोरूच्या त्या रेंजवर (ऑलिम्पिकची नेमबाजी तिथंच झाली) त्या क्षणी काय झालं ते फक्त त्या शूटरला माहीत. पोरांना हे उदाहरण असं देऊ नका. एक नऊ लागला की ती मागं वळून डबीकडं बघायला लागतात. असल्या सवयीपायी चांगली पोरं वाया गेलेली मी बघितलीत.

पन्नास मीटर

हे मान्य. उदाहरण फरक किती बारीक असतो ते दाखवायला दिलं होतं, कारण सांगायला नाही. तोमरच्या बाबतीत तसा अर्थ निघत असेल तर माझं वाक्य चुकलं.

मोजपट्टी

पन्नास मीटर, तुमच्या पहिल्या मजकुरात एक गफलत आहे. डबीवर छापलेला वेग ही त्या लॉटची सरासरी असते. सरासरी कमी-जास्त असली तर साईटचे, म्हणजे नेम धरायच्या यंत्राचे, दोन-चार क्लिक फिरवले की काम झालं. गुण खातो तो लॉटच्या आतला, गोळीगणिक होणारा फरक, आणि तो डबीवर कुठेच छापत नाहीत. म्हणून नुसता आकडा बघून डबी निवडणाऱ्यांनी काही तपासलेलं नसतं.

दुसरं, पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवर निर्णय घेऊ नका. नशिबाने कुठलाही लॉट पाच गोळ्या एका भोकात घालतो. माझी पद्धत अशी: लॉट बदलला की आधी पंधरा-वीस गोळ्या तशाच मारायच्या, कारण प्रत्येक कंपनीचं ग्रीस वेगळं असतं आणि बॅरलमध्ये आधीच्या गोळीचा थर राहिलेला असतो. मग दहा-दहाचे चार ग्रुप. चारही ग्रुप एकावर एक ठेवून चाळीस भोकं एकत्र बघायची. एक सुंदर ग्रुप आणि तीन पसरट देणारा लॉट माझ्या लेखी बाद.

रेंजवरची आई

माझी मुलगी ५८० च्या आसपास मारते. तुम्ही सगळे लॉट निवडायचं म्हणताय, पण आपल्याकडे निवडायला समोर ठेवतंय कोण? आयातीची गोळी येईपर्यंत वाट बघायची आणि जो लॉट येईल तो पदरात घ्यायचा, हाच आमचा अनुभव. मागच्या मोसमात मुख्य स्पर्धेच्या तीन आठवडे आधी जुना लॉट संपला. नवा आला तो तिच्या रायफलमध्ये डावीकडे वर फेकत होता. ती रडकुंडीला आली होती. जर्मनीला रायफल घेऊन जाणं आमच्यासारख्यांना कसं जमणार? आणि परवान्यावर चढवलेल्या गोळ्या चार जणांनी आपसांत वाटून तपासा असंही कुणी सुचवू नका, ते कायद्यात बसत नाही.

बिस्लीकर

मी इंग्लंडमध्ये असतो आणि इथे टार्गेट रायफल मारतो, ३०० ते १००० यार्ड. ताईंच्या मुद्द्यावरून सांगावंसं वाटलं, की जगातली एक जुनी आणि मोठी स्पर्धा "मिळेल ती गोळी" याच पायावर उभी आहे.

इथल्या बिस्ली रेंजवर दर जुलैला इम्पीरियल मीटिंग ही स्पर्धा भरते. टार्गेट रायफलच्या स्पर्धांत तुमची गोळी चालत नाही. ७.६२ मिलिमीटरची, १५५ ग्रेनची कारखान्याची गोळी तिथेच देतात, सगळ्यांना तीच. किंग्ज प्राइझची फायनल ९०० आणि १००० यार्डांवर होते, तीसुद्धा याच गोळीवर. हजार यार्डांवर वेग सेकंदाला १० मीटरने चुकला तर गोळी जवळजवळ फूटभर वर-खाली जाते. आणि वारा ताशी अवघा दीड किलोमीटर चुकीचा वाचला तरी बाजूला साधारण तेवढीच. गोळीचा दोष सगळ्यांच्या वाट्याला सारखाच येतो. जिंकतो तो वारा वाचणारा. म्हणून मी कोल्हापूरच्या सरांच्या बाजूने.

पन्नास मीटर

बिस्लीकर, गोळी सगळ्यांना एकच असली तरी ती प्रत्येक बॅरलला सारखी मानवते का?

बिस्लीकर

नाही, आणि इथले जुने लोक ते जाणून आहेत. गोळी बदलता येत नाही म्हणून ते चेंबरच, म्हणजे बॅरलमधली काडतूस बसायची जागा, त्या गोळीच्या मापाने घट्ट कापून घेतात. म्हणजे तुमची जुळणी इथेही होते, फक्त उलट्या बाजूने. पण आमच्याकडे ते एकदाच करायचं काम आहे. नंतर वर्षानुवर्षं फक्त वारा.

कोल्हापुरी

ताईंचं दुखणं मात्र खरं आहे, त्यावर बोलायला पाहिजे. लॉट ऐन वेळी बदलणं हे वाईट लॉटपेक्षाही वाईट. मी पोरांना सांगतो, नवा लॉट आला की त्यातल्या स्पर्धेपुरत्या गोळ्या त्याच दिवशी बाजूला काढा, लॉट नंबर वहीत लिहा आणि त्यांना हात लावू नका. सराव दुसऱ्या गोळीवर करा. स्पर्धेच्या आधी आठवडाभर मात्र रोज थोड्या त्यातल्याच मारा, म्हणजे बॅरल आणि साईट दोन्ही तिच्यावर बसतात.

मोजपट्टी

त्यात थंडीची भर घाला. डिसेंबरात दिल्लीला कर्णीसिंग रेंजवर सकाळच्या डिटेलला, म्हणजे पहिल्या तुकडीच्या वेळी, ग्रीस घट्ट होतं, वेगही उतरतो. मे महिन्यात बालेवाडीला छान चाललेला लॉट तिथे तसाच चालेल असं धरून जाऊ नका. साईटर्समध्ये, म्हणजे गुण न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या शॉटमध्ये, घाई न करता आधी उंची बघा.

पन्नास मीटर

सर, सराव एका गोळीवर आणि स्पर्धा दुसऱ्या, हे मला अजूनही पटत नाही. ट्रिगर सुटल्यावर रायफल कशी उसळते ते गोळीगणिक बदलतं आणि अंगाला त्याची सवय लागते. पण ताईंसारख्यांसाठी वेगळा मार्ग दिसत नाही, हेही खरं.

ताई, निदान एवढं होऊ शकतं: जिल्हा संघटनेने स्वतःच्या साठ्यातून, रेंजवरच, संघटनेच्या नोंदीत दाखवून मोसमातून एकदा लॉट तपासणी ठेवावी. शिकंजा एकच लागतो, बाकी वेळ आणि वही. मी माझ्या रेंजच्या सचिवांना या आठवड्यात लेखी विनंती देतोय. मोजपट्टी, तुमची चार ग्रुपची पद्धत त्यात लिहितो.

रेंजवरची आई

विनंतीवर माझीही सही घ्या. आणि नीलिंगचाही, म्हणजे गुडघ्यावर बसून मारण्याचाही, विचार करा, मुलगी म्हणते नवा लॉट तिला तिथे जास्त त्रास देतो.

कोल्हापुरी

नीलिंगला त्रास गोळीचा नाही, बहुतेक रोलच्या, म्हणजे घोट्याखालच्या उशीच्या, उंचीचा असणार. ताई, तिचा बाजूने काढलेला एक व्हिडिओ पाठवा, मी बघून सांगतो. विनंतीवर माझी सही घाला, पण त्यात हेही लिहा की ५७५ च्या खालच्या पोरांना त्या दिवशी तपासणीला न बसवता शेजारच्या लेनवर वाऱ्याचे धडे द्यायचे. ते मी येऊन देईन.